"माझंच काहीतरी चुकलं असेल": वेबसाइट सोपी करायची तर सुरुवात कुठून करावी?

शेवंती

मंडळी, सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वाचनालयाची वेबसाइट नव्याने करायची ठरलीये आणि त्यात काय हवं, काय नको हे ठरवून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. कोडिंग करणारा मुलगा वेगळा आहे, मी वाचकांशी रोज बोलणारी म्हणून मला पुढे केलं.

मागच्या आठवड्यात आत्या आली होती. सत्तरी ओलांडलीये, पण रोज वाचते, फोनवर मेसेज, व्हिडिओ कॉल सगळं स्वतः करते. तिला म्हटलं, आत्त्या, आपल्या आत्ताच्या साइटवरून एक पुस्तक राखून ठेव बघू, मी नुसती शेजारी बसते. साइट उघडल्या उघडल्या एक खिडकी मधेच आली, "सूचना पाठवू का?" ती बंद करायची फुली एवढीशी, बोट मागच्या चित्रावर पडलं आणि भलतंच पान उघडलं. परत आली. मग तिला शोधायची जागा सापडेना, कारण तिथे फिकट राखाडी भिंगाचं चित्र आहे फक्त, "शोधा" असा शब्दच नाही. ते मी दाखवलं. शेवटी फॉर्मपर्यंत पोचली, सदस्य क्रमांक कार्डावर जसा छापलाय तसाच, मधे जागा सोडून टाकला, तर साइट म्हणाली "अवैध माहिती" आणि भरलेला अख्खा फॉर्म कोरा!

आत्याने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तिचं एका ठिकाणीही चुकलं नव्हतं. आता इकडे समितीची यादी अशी: पहिल्या पानावर पाच सरकती चित्रं, पदाधिकाऱ्यांचे फोटो, संस्थेचा इतिहास आणि वर लाल अक्षरात धावणाऱ्या सूचना. मला नेमकं कुठून धरावं कळत नाहीये. आणि समितीला पटवायचं कसं? ज्यांनी असं काम केलंय किंवा ज्यांना साइट वापरताना त्रास होतो त्या सगळ्यांनी लिहा प्लीज.

निळी_शाई

आत्याचं वाक्य वाचून गलबलून आलं. माझी आई शब्द न शब्द हेच म्हणते. वाचतेय.

तुटका_दुवा

पंधरा वर्षं साइट बनवण्याचंच काम करतोय म्हणून लिहितो. डॉन नॉर्मन नावाच्या संशोधकाने १९८८ साली दैनंदिन वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं, त्यातला मुद्दा आत्याच्या वाक्याशी अगदी जुळतो. माणसं वस्तू वापरताना अडली की स्वतःला दोष देतात, खरा दोष बहुतेक वेळा वस्तूच्या रचनेत असतो. त्याचं दाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दाराला ओढायची मूठ लावायची आणि दार मात्र ढकलून उघडणारं, मग वर "ढकला" अशी पाटी चिकटवायची. ज्या दाराला पाटी लागते ते दार चुकलेलं. वेबसाइटवर "कृपया खालील सूचना नीट वाचून मगच फॉर्म भरावा" असं दिसलं की मला ते दारच आठवतं.

आता तुमच्या सदस्य क्रमांकाबद्दल. मधली मोकळी जागा काढून टाकणं ही प्रोग्रॅममधली एका ओळीची गोष्ट आहे हो. एक ओळ! ती आपण लिहिली नाही म्हणून हजारो लोकांनी ती जागा स्वतः खोडायची? फोन नंबर, कार्ड नंबर, तारीख सगळीकडे हेच. माणसाला जसं लिहायची सवय आहे तसं घ्यावं आणि मशीनला हवं तसं आपण आत करून घ्यावं. आणि चूक झालीच तर तीन गोष्टी बघा: भरलेलं काहीही पुसलं जाता कामा नये, संदेश चुकलेल्या रकान्याच्या शेजारीच दिसला पाहिजे, आणि त्यात पुढे काय करायचं ते असलं पाहिजे. "अवैध माहिती" म्हणजे काय समजायचं माणसाने? "सदस्य क्रमांक आठ आकडी असतो, तुम्ही सात आकडे लिहिलेत" एवढं म्हटलं की काम झालं.

अजून एक, रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहू देऊ नका. टाइप करायला लागलं की ते गायब होतं, मधेच कुणी हाक मारली की परत आल्यावर इथे काय भरत होतो तेच आठवत नाही. नाव बाहेर, वर, कायम दिसेल असं.

परखड

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. साइट सोपी हवी यात वादच नाही, पण अशा धाग्यांवर "सोपी म्हणजे सपाट, पांढरी, बिनचित्रांची" असा सूर लागतो तो मला पटत नाही. दिसणं महत्त्वाचं आहे. १९९५ साली कुरोसू आणि काशिमुरा या दोघा जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या, २५२ लोक होते. ज्या मांडण्या लोकांना सुंदर वाटल्या त्याच त्यांना वापरायला सोप्याही वाटल्या. म्हणजे देखणेपणा हा नुसता वरचा मुलामा नाही, त्याने माणसाला धीर येतो, तो थोडा जास्त वेळ प्रयत्न करतो. समितीला चित्रं हवी आहेत तर त्यामागे ही भावना आहे, ती एकदम झिडकारू नका.

तुटका_दुवा

@परखड, चांगला मुद्दा. फक्त त्या अभ्यासात "सोपं *वाटलं*" आहे, प्रत्यक्ष सोपं *असणं* वेगळं. सुंदर पडद्यामुळे लोक लहानसहान त्रास माफ करतात हे खरं, पण फॉर्म कोरा झाला तर कितीही सुंदर असला तरी माफी नाही.

जाड_भिंग

शेवंतीताई, ते "फिकट राखाडी भिंग" वाचलं आणि माझा विषय निघाला :) माझी नजर कमजोर आहे, चष्मा लावूनही. फिकट राखाडीवर जरा कमी फिकट राखाडी अक्षरं ही आजकालची फॅशन, मला ती पानं अक्षरशः कोरी दिसतात.

याला मोजमाप आहे, कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. डब्ल्यूसीएजी म्हणून वेबच्या सुगमतेचे जागतिक नियम आहेत, पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. त्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. हे मोजणारी साधनं फुकट मिळतात, दोन रंग टाकायचे, आकडा येतो. वेबएम नावाची संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइट्सची पहिली पानं यंत्राने तपासते आणि सगळ्यात जास्त आढळणारा दोष दरवर्षी हाच निघतो, फिकट अक्षरं. सगळ्यात सोपा उपाय असलेला दोष सगळ्यात जास्त, वाईट वाटतं.

आणि नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका. "लाल रंगातली पुस्तकं बाहेर गेली आहेत, हिरवी उपलब्ध आहेत" असं एका ठिकाणी बघितलंय. माझ्या भावाला लाल हिरवा वेगळा ओळखू येत नाही, त्याने काय करायचं? शेजारी "उपलब्ध" हा शब्द लिहा की.

कानसेन

हा धागा बघून बरं वाटलं. मी पूर्ण अंध आहे, कॉम्प्युटर आणि फोन स्क्रीन रीडरवर वापरतो, म्हणजे पडद्यावर जे असेल ते मला आवाजात ऐकू येतं. लोकांना वाटतं आम्ही पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसतो. तसं नसतं. तुम्ही जशी नजर फिरवता तसे आम्ही मथळ्यांवरून उड्या मारतो, एक कळ दाबली की पुढचा मथळा, दुसरी दाबली की पुढची लिंक. पण त्यासाठी मथळा हा कोडमध्ये मथळा म्हणून लिहिलेला असायला लागतो. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं तर तुम्हाला मथळा दिसतो, मला तो बाकीच्या मजकुरात बुडालेला असतो.

लिंकांची यादी मागवली की काही साइट्सवर असं ऐकू येतं: "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, इथे क्लिक करा". कुठे क्लिक करू? "नवीन पुस्तकांची यादी" असं लिहिलं तर तुमच्याही डोळ्यांना बरं आणि माझ्याही कानांना. चित्रांची बटणं असली आणि त्यांना आत नाव दिलेलं नसलं तर मला फक्त "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. तुमचं ते भिंग माझ्यासाठी बहुतेक असंच एक बिननावाचं बटण असणार.

सूचनेचा कागद स्कॅन करून चित्र म्हणून टाकणं हा तर सगळ्यात मोठा अडसर. वाचनालय बंद आहे ही सूचना चित्रात असेल तर माझ्यासाठी ती सूचना नाहीच, मी दारापर्यंत जाऊन परत येणार. तीच सूचना दोन ओळीत टाइप करा, बास.

सरकती चित्रं: काही ठिकाणी चित्र बदललं की स्क्रीन रीडर मधेच ते वाचायला लागतो, मी फॉर्मच्या मधे असलो तरी. थांबवायचं बटण नसेल तर काहीच करता येत नाही. शेवंतीताई, समितीला हे माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

निळी_शाई

कानसेन, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं कधी. शाळेच्या साइटवर मी गेली दोन वर्षं सूचना स्कॅन करूनच टाकतेय. उद्यापासून टाइप करणार.

परखड

@कानसेन, मनापासून विचारतोय, मग प्रत्येक चित्राला वर्णन लिहायचं का? कोपऱ्यातल्या वेलबुट्टीला सुद्धा?

कानसेन

नाही नाही, वेलबुट्टी मला ऐकायची नाहीये :) शोभेच्या चित्राला वर्णनाची जागा ठेवायची पण रिकामी सोडायची, म्हणजे स्क्रीन रीडर ते मुकाट ओलांडतो. जागाच ठेवली नाही तर काही वेळा तो फाइलचं नाव वाचत सुटतो, आकडे, रेघा, टिंबं, सगळं. आणि अर्थ असलेल्या चित्राला अर्थ सांगणारं वाक्य, "मुखपृष्ठ" एवढंच न लिहिता कुठल्या पुस्तकाचं ते. कुणीतरी आपल्या शेजारी बसून सांगतंय असं लिहायचं.

अंगठेबहाद्दर

त्या एवढ्याशा फुलीवर बोलतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या ठिकाणी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो, लांब आणि लहान असेल तितका वेळ जास्त. वेबच्या कितीतरी आधीचा नियम, पण फोनवर शंभर टक्के लागू. डब्ल्यूसीएजी २.२ म्हणतं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, ॲपल ४४ सांगतं आणि गुगल ४८. ज्येष्ठांसाठी करताय तर मोठ्याच आकड्याकडे झुका, आणि दोन बटणांमधे अंतर ठेवा. "जतन करा" आणि "रद्द करा" एकमेकांना चिकटून ठेवणाऱ्या माणसाने बसमध्ये उभं राहून एका हाताने तो फॉर्म भरून बघावा.

आणि काही साइट्स दोन बोटांनी मोठं करून बघायची सोयच बंद करून टाकतात, ते अजिबात होऊ देऊ नका. ज्याला लहान दिसतंय त्याची शेवटची काठी असते ती. अजून एक बारीकसं, आयफोनवर रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की टाइप करायला जाताच पान आपोआप मोठं होऊन सरकतं आणि माणूस गोंधळतो. अक्षर १६ ठेवलं की प्रश्नच मिटला.

अनुस्वार

थोडं अवांतर वाटेल पण तसं नाहीये. साइट मराठीत असणार ना? मग देवनागरीकडे नीट लक्ष द्या, कारण तयार साचे रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. दोन ओळींमधलं अंतर रोमनला पुरतं तेवढंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन बसतो. अंतर वाढवा. अक्षरांमधली जागा फाकवायची जी फॅशन आहे तिने आपली शिरोरेषाच तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात, ते पूर्ण बंद. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगून ठेवा. चांगल्या फॉन्टमध्ये त्याने मराठी वळणाचे ल आणि श दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात, शिवाय कानसेन यांच्या स्क्रीन रीडरलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते कळतं.

पण माझा खरा मुद्दा शोधाचा. मराठीत शोध घेणारा माणूस ऱ्हस्व दीर्घ चुकवणारच, आणि त्याला त्याचा हक्क आहे! तो पुस्तक शोधायला आलाय, शुद्धलेखनाची परीक्षा द्यायला आला नाहीये. शोधताना इकार उकार सैल सोडा. आणि एक गंमत बहुतेकांना माहीत नसते, "दऱ्या" मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतीने टाइप होतो, डोळ्यांना हुबेहूब सारखा दिसतो पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द असतात. यादी भरणाऱ्याने एका पद्धतीने भरलं आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधलं की साइट छातीठोकपणे सांगणार "पुस्तक उपलब्ध नाही". आणि पुस्तक कपाटात समोरच!

जाड_भिंग

बाप रे, हे तर नव्यानेच कळलं. म्हणजे मी कित्येकदा "नाही" ऐकून परत फिरलेय ते यामुळेही असेल.

तुटका_दुवा

@अनुस्वार, वा. मी इतकी वर्षं या क्षेत्रात आहे आणि त्या अर्ध्या र ने मला दोन दिवस रडवलेलं आहे. उपाय सोपा आहे, साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच रूपात बदलून घ्यायचं, पण मुळात हे होतंय हेच कळायला वेळ लागतो. आणि शोध रिकामा आला तर नुसतं "आढळले नाही" म्हणून थांबू नये, जवळपासची नावं दाखवावीत किंवा लेखकाच्या नावाने शोधायला सुचवावं.

सावकाश

वेगाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. माझ्याकडे नेट हळू, फोन जुना. साइट वापरायला किती सोप्या आहेत यावर संशोधन करणाऱ्या जेकब नील्सनने १९९३ मध्ये तीन मर्यादा मांडल्या होत्या त्या अजून लागू आहेत. ०.१ सेकंदात काही झालं तर माणसाला ते लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे माणसाचं लक्ष उडून जातं. पाच सरकती चित्रं कॅमेऱ्यातून आली तशीच चढवली तर माझे दहा सेकंद पहिल्या चित्रातच संपतात, शोधायची पेटी दिसायच्या आधी. चित्र ठेवायचंच तर एक ठेवा, आणि लहान करून ठेवा.

दुसरं म्हणजे पान उड्या मारतं ते. मी "पुढे" दाबायला बोट खाली नेतो, तेवढ्यात वर कुठलंतरी चित्र उशिरा येतं, सगळं खाली सरकतं आणि बोट "रद्द करा" वर. एकदा एका नोकरीच्या अर्जात असं झालंय, अर्धा तास भरलेलं गेलं, शेवटचा दिवस होता. चित्राची जागा आधीच राखून ठेवली की हे होत नाही म्हणे.

तुटका_दुवा

@सावकाश, बरोबर, चित्राची लांबी रुंदी कोडमध्ये लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा आधीच मोकळी ठेवतो. गुगलने २०२० मध्ये जी तीन मापं पुढे आणली त्यातलं एक हे पान हलण्याचंच आहे. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हे दुसरं. तुमचा अर्ज गेला ते वाचून फार वाईट वाटलं. फॉर्म मोठा असेल तर अर्धवट भरलेलं आपोआप साठलंच पाहिजे.

अंगठेबहाद्दर

विषय निघालाच आहे तर, पासवर्ड पेस्ट करू न देणाऱ्या साइट्स! सुरक्षिततेसाठी म्हणतात. लांब, अवघड पासवर्ड साठवून ठेवणारं साधन वापरावं असं सगळे सांगतात आणि मग पेस्ट बंद, म्हणजे लोक हाताने टाइप करायला सोपा म्हणून छोटासा पासवर्ड ठेवणार. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये तर आता आलंय की लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीचीच परीक्षा घेऊ नका, पेस्ट आणि पासवर्ड साठवणारी साधनं चालू द्या.

निळी_शाई

आणि सदस्यत्व घ्यायला एक बटण, बंद करायला सात पानं?? मी एका ठिकाणी शेवटच्या पानावर "नाही, मला फायदे नकोत" असं दाबायला लावलं तेव्हा फार चिडले होते.

तुटका_दुवा

त्याला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल याने २०१० मध्ये हे नाव दिलं. तिथे रचना चुकलेली नसते, माणसाला अडवण्यासाठीच ती तशी केलेली असते. वाचनालयाला याची भीती नाही, पण एक जपा, ती सूचना मागणारी खिडकी. कुणी आल्या आल्या काही मागू नये. आधी त्याचं काम होऊ दे.

तपासनीस

उशिरा आले, पण शेवंतीचा मूळ प्रश्न "सुरुवात कुठून" असा होता आणि माझ्या मते तिने सुरुवात करून टाकलीये. आत्याच्या शेजारी बसलीस ना, तीच सुरुवात. माझं कामच हे आहे, लोकांना साइट वापरताना बघायचं.

अजून चार जण शोध, वेगवेगळे. एक कॉलेजचा मुलगा, एक नोकरी करणारी घाईतली बाई, एक वाचनालयात कधीच न आलेला माणूस, एक समितीतला. हो, समितीतला हवाच. प्रत्येकाला खरं काम दे: "तुम्हाला हे पुस्तक शनिवारपर्यंत हवंय, मिळेल का ते बघा." यात "शोधा" किंवा "राखून ठेवा" असे साइटवरचे शब्द वापरू नकोस, नाहीतर ते तेच शब्द हुडकत बसतील. त्यांना म्हणायचं, मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. आणि मग तू गप्प. हे सगळ्यात अवघड आहे. ते चुकीच्या ठिकाणी बोट नेतात तेव्हा आपला जीव तुटतो, तरी बोलायचं नाही, भिंगसुद्धा दाखवायचं नाही, लिहून घ्यायचं. सुरुवातीलाच सांगायचं की परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. आत्याने ते वाक्य म्हटलं कारण तिला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पाच माणसं का, तर नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो, पुढच्या माणसांत त्याच त्याच पुन्हा दिसायला लागतात, आणि पाचांपर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडलेल्या असतात. मग दुरुस्त करायचं आणि पुन्हा नव्या पाच जणांना बसवायचं.

परखड

पाच माणसांवरून निष्कर्ष? मी आकडेमोडीतला माणूस आहे, पाच म्हणजे काहीच नाही. आणि ते ३१ टक्के ही सरासरी आहे, दर साइटला वेगळी येणार.

तपासनीस

@परखड, सरासरी आहे हे मान्य, गुंतागुंतीच्या साइटला जास्त माणसं लागतात. पण आपण किती टक्के लोक अडतात हे मोजत नाहीये, कुठे अडतात ते शोधतोय. मोजायला पाच कमीच पडतात, तिथे तुम्ही म्हणता ते बरोबर. पण जिन्याची एक पायरी तुटली आहे हे कळायला शंभर लोक पडायची वाट बघायची का?

परखड

हे पटलं. दोन वेगळी कामं आहेत.

शेवंती

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले, सगळे प्रतिसाद छापून वहीत चिकटवलेत.

तपासनीसताईंनी सांगितलं तसं पाच जणांना बसवलं. नवी साइट अजून नाही म्हणून जुनीच दिली. गप्प बसणं खरंच कठीण गेलं, एकदा तर ओठ चावून बसले होते. पाचापैकी चौघांनी सगळ्यात आधी एकच गोष्ट हुडकली, वाचनालय आज उघडं आहे का आणि किती वाजेपर्यंत. ती माहिती आमच्या साइटवर "आमच्याविषयी" मध्ये, इतिहासाच्या चौथ्या परिच्छेदाखाली आहे! दुसरं काम, पुस्तक आहे का. इतिहास कुणीच उघडला नाही, सरकत्या चित्रांवर एकाने बोट ठेवलं ते पण चुकून.

समितीतले काका स्वतः बसले होते. धावत्या लाल सूचनेतली तारीख वाचायला त्यांना ती तीन वेळा फिरून यायची वाट बघावी लागली. चौथ्या वेळी तेच म्हणाले, "हे थांबव गं जरा." मला काही पटवून द्यावंच लागलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनीच विषय मांडला आणि मी कानसेन यांचं म्हणणं त्यांच्या परवानगीप्रमाणे वाचून दाखवलं. खोलीत एकदम शांतता झाली होती.

तर ठरलं असं: सगळ्यात वर आजची वेळ आणि "उघडे आहे / बंद आहे" शब्दांत, त्याखाली मोठी पेटी आणि शेजारी "शोधा" हा शब्द. सूचना टाइप केलेल्या, न धावणाऱ्या. चित्र एकच, वाचनदालनाचं, परखड तुमचं ऐकून ते खरंच सुंदर काढून घेतलंय. इतिहास आणि फोटो त्यांच्या स्वतंत्र पानावर, मानाने. अर्धा र आणि मोकळी जागा या दोन्ही गोष्टी त्या मुलाला सांगितल्या, मोकळी जागा त्याने माझ्यासमोर पाच मिनिटांत केली.

एकच अडलंय. पुस्तक राखून ठेवायच्या बटणावर काय लिहायचं? समिती म्हणते "मागणी नोंदवा", मुलगा म्हणतो "आरक्षित करा".

अनुस्वार

"आरक्षित करा" नको, रेल्वेत बसल्यासारखं वाटतं. "राखून ठेवा" चांगलं आहे की.

जाड_भिंग

"राखून ठेवा" ला माझं अनुमोदन.

तपासनीस

आपण का ठरवतोय? लोक काउंटरवर येऊन काय म्हणतात ते ऐक.

शेवंती

ऐकलं दोन दिवस. आत्यालाही विचारलं, "तू इथे आलीस आणि पुस्तक बाहेर गेलेलं असलं तर काय म्हणतेस?" ती लगेच म्हणाली, "आलं की माझ्यासाठी ठेवा." काउंटरवरही बहुतेक सगळे हेच म्हणतात. बटणावर "माझ्यासाठी ठेवा" असंच लिहितोय. कच्च्या पानावर आत्याला दाखवलं, तिने न विचारता दाबलं.

कानसेन

हे बटण ऐकायलाही स्पष्ट आहे. पान तयार झालं की उघडं करायच्या आधी मला दुवा पाठवा शेवंतीताई, शोध आणि फॉर्म दोन्ही नुसत्या कीबोर्डवर चालवून बघतो आणि कुठे अडलो ते लिहून देतो.

शेवंती

पाठवते. बहुतेक पुढच्या सोमवारी.